चित्रपटाने गाळलेली मुले

प्रायश्चित्तकाळातल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात 'जस्ट मर्सी' हा अमेरिकन चित्रपट दाखविण्यात आला. डेस्टिन डॅनियल क्रेटन ह्यांचा हा चित्रपट २०१९ च्या अखेरीस प्रदर्शित झालेला. सभागृह भरले होते. न केलेल्या खुनासाठी मृत्युदंडाची शिक्षा झालेला वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय मजूर निर्दोष ठरून न्यायालयाबाहेर येतो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या अनेकींचे पदर डोळ्यांना लागले. आमचेही डोळे कोरडे नव्हते. नंतर थोडी चर्चा झाली. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई म्हणाल्या, "बिचारा निरपराध होता हो!" त्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "आणि बाई, अपराधी असता तर?" प्रश्न बाईंना ऐकू गेला की नाही, कोण जाणे. तेवढ्यात चहाचे पेले आले आणि चर्चा तिथेच संपली.

त्या मुलाच्या प्रश्नामुळे आम्ही मूळ पुस्तकाकडे वळलो. ब्रायन स्टीव्हन्सन ह्या वकिलाने लिहिलेले 'जस्ट मर्सी' २०१४ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून संपविल्यावर प्रथम जाणवले ते हे की, ज्या प्रकरणांत ह्या पुस्तकाचा खरा प्राण आहे, ती चित्रपटात जवळजवळ आलेलीच नाहीत. पुस्तकाची रचना साधी आहे. एका प्रकरणात मॅकमिलियनची कथा पुढे सरकते, आणि पुढच्या प्रकरणात ती थांबवून लेखक आपल्याला दुसऱ्या कुणाच्या कोठडीत घेऊन जातो. ह्या दुसऱ्या कुणांमध्ये मुले आहेत. तेरा वर्षांची, चौदा वर्षांची. मरेपर्यंत तुरुंगात राहण्याची शिक्षा झालेली. चित्रपटाने मॅकमिलियनची कथा घेतली आणि मुले गाळली.

चित्रपटकर्त्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी अपराधी माणूस मुळीच दाखविला नाही असे नाही. व्हिएतनामच्या युद्धातून मनाने मोडून परतलेला हर्बर्ट रिचर्डसन चित्रपटात आहे; त्याने ठेवलेल्या बॉम्बने एका बालिकेचा जीव गेला होता आणि १९८९ साली त्याला विजेच्या खुर्चीत बसविण्यात आले. चित्रपटातला तो भाग उत्तम साधला आहे. पण रिचर्डसन हा उपकथेतला माणूस. प्रेक्षकाला घरी पाठविण्याचे काम निरपराध मॅकमिलियनकडे सोपविलेले आहे, आणि निरपराध माणसाविषयी कळवळा वाटण्यासाठी प्रेक्षकाला स्वतःचे काही मोजावे लागत नाही. सव्वादोन तासांत सगळे पुस्तक मावणार नाही हे आम्हांलाही कळते. तरीही काय ठेवले आणि काय वगळले, ह्यावरून कलाकृती आपल्या प्रेक्षकाला कितपत सोसेल असे मानते ते दिसते.

पुस्तकाच्या नावातच एक गाठ आहे, आणि ती मराठीत सोडविणे कठीण. 'जस्ट' म्हणजे 'न्याय्य', आणि 'जस्ट' म्हणजे 'केवळ'. दया ही न्यायाला धरून असते, असेही हे शीर्षक म्हणते. आणि मागणे फक्त दयेचे आहे, असेही. आपल्याकडे 'न्याय' आणि 'दया' ह्या शब्दांची घरे वेगळी आहेत. न्यायालयाचे सर्व दरवाजे बंद झाले की मग राष्ट्रपतींकडे जातो तो 'दयेचा अर्ज'. न्याय संपला की दया सुरू होते, अशी ही भाषेतली वाटणी. ही वाटणीच स्टीव्हन्सन ह्यांना मान्य नाही. त्यांच्या आजीचे आईवडील व्हर्जिनिया राज्यात गुलामगिरीत जन्मले होते. ते स्वतः चर्चच्या वातावरणात वाढले, हार्वर्डमध्ये कायदा शिकले आणि १९८९ साली अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात त्यांनी गरीब कैद्यांसाठी कायदेविषयक संस्था उभारली. पुस्तकात पांडित्य फार नाही. माणसाच्या जवळ जाऊन बसल्याशिवाय त्याच्याविषयी निवाडा करू नये, ह्या एका धाग्यावर सगळी प्रकरणे ओवलेली आहेत.

सहाव्या प्रकरणातला चार्ली पाहा. वय चौदा, उंची जेमतेम पाच फूट, शाळकरी मुलगा, त्यापूर्वी कधी कुठल्या भानगडीत नाही. आईबरोबर राहणारा माणूस एके रात्री दारू पिऊन येतो आणि तिला असे मारतो की ती स्वयंपाकघराच्या फरशीवर रक्तात बेशुद्ध पडते. आई गेली, असे मुलाला वाटते. तो माणूस आतल्या खोलीत झोपलेला. त्याच खोलीत मुलाच्या हाती पिस्तूल येते. मेलेला माणूस स्थानिक पोलिस होता, म्हणून सरकारी वकील हटून बसले की मुलावर प्रौढ माणसासारखाच खटला चालावा. आणि खटल्याच्या आधीच मुलाला मोठ्या माणसांच्या तुरुंगात ठेवले गेले.

स्टीव्हन्सन त्याला भेटायला जातात तो प्रसंग हा ह्या पुस्तकाचा उत्कर्षबिंदू आहे, असे आमचे मत आहे. मुलगा बोलत नाही. वकील प्रश्न विचारतो, गोष्टी काढतो, मुलगा भिंतीकडे पाहत राहतो. शेवटी वकील आपली खुर्ची त्याच्या शेजारी नेतो आणि त्याला किंचित टेकून बसतो. बऱ्याच वेळाने मुलगाही टेकतो; मग थरथरू लागतो, आणि रडत बोलू लागतो. तो बोलतो ते खुनाविषयी नव्हे, आईविषयीही नव्हे. त्या तुरुंगात तीन रात्रींत मोठ्या कैद्यांनी त्याचे काय केले, ते तो सांगतो. येथे लेखक एकही विशेषण वापरीत नाही. आमच्या कित्येक मराठी कथालेखकांना ह्या ठिकाणी लेखणी आवरली नसती. पावसाची सर तरी आलीच असती.

चार्लीचा खटला पुढे बालन्यायालयात गेला. एका चर्चमध्ये स्टीव्हन्सन त्याच्याविषयी बोलले, तेव्हा एक वृद्ध जोडपे पुढे आले. त्यांचा एकुलता नातू किशोरवयात आत्महत्या करून गेला होता. त्याच्या शिक्षणासाठी साठविलेले पैसे त्यांनी ह्या अनोळखी, खुनी मुलाच्या शिक्षणासाठी दिले. मुलाने फार सोसले आहे, त्याच्याकडून फारशा अपेक्षा ठेवू नका, असे वकिलाने सावधपणे सुचविले, तर आजीबाईंनी त्यालाच दटावले, अशा अर्थाने की सोसले तर आपण सगळ्यांनीच आहे. ही आजी चित्रपटात असायला हवी होती.

आठव्या प्रकरणात आणखी मुले भेटतात. पेनसिल्व्हानिया राज्यातल्या चेस्टर गावची ट्रीना ही बारा भावंडांतली शेंडेफळ, मतिमंद, घरातल्या छळाला कंटाळून रस्त्यावर आलेली. १९७६ साली चौदाव्या वर्षी ती रात्री एका घरात शिरली. उजेडासाठी पेटविलेल्या काड्यांनी आग लागली आणि धुराने दोन मुलगे गुदमरून मेले. तिच्या वकिलाने तिच्या मानसिक अवस्थेचा मुद्दासुद्धा नीट मांडला नाही. न्यायाधीशांना हे प्रकरण अतिशय दुःखद वाटले, पण त्या राज्याच्या कायद्यात सुटकेविना जन्मठेपेवाचून दुसरी शिक्षाच नव्हती. वय विचारात घेण्याची मुभाच न्यायाधीशाला नाही, हे आम्ही दोनदा वाचले तेव्हा पटले.

आणि इयन मॅन्युएल. १९९० साली फ्लोरिडा राज्यातल्या टँपा शहरात, तेराव्या वर्षी, मोठ्या मुलांच्या संगतीत लूटमार करताना त्याने एका स्त्रीच्या तोंडावर गोळी झाडली. ती वाचली, पण जबडा आणि दात उद्ध्वस्त झाले. गुन्हा कबूल कर, पंधरा वर्षांवर भागेल, असे वकिलाने सांगितले म्हणून त्याने कबूल केला. शिक्षा झाली मरेपर्यंत. प्रौढांच्या तुरुंगात एवढ्या लहान मुलाला कुठे ठेवायचे, म्हणून एकांतकोठडीत ठेवले, आणि तिथे त्याची सुमारे अठरा वर्षे गेली. स्टीव्हन्सन ह्यांच्या संस्थेने एका अहवालासाठी त्याची छायाचित्रे काढविली. त्यानंतर त्याचे एक पत्र आले, ते पुस्तकात आहे. त्यात शिक्षेविषयी तक्रार नाही. त्याला त्या छायाचित्रांच्या प्रती हव्या आहेत. आपल्या खात्यात पावणेदोन डॉलर आहेत, त्यांतला एक डॉलर पाठविला तर किती प्रती मिळतील, अशी त्याची विचारणा आहे. इतकी वर्षे एका खोलीत काढलेल्या माणसाला, आपण आहोत ह्याचा पुरावा हवा होता, असे आम्हांला ते वाचताना वाटले. अर्थात हा आमचा अर्थ. पत्रात फक्त हिशेब आहे.

पुस्तकाचे गुण सांगितले, आता दोष. पहिला असा की ही मुले फार भराभर येतात. मॅकमिलियनला लेखक कित्येक प्रकरणे देतो. ट्रीनाला तीनचार पाने. एकामागून एक छळाच्या कथा वाचताना वाचकाचे मन बधिर होते आणि नावे एकमेकांत मिसळतात. दुसरा दोष अधिक खोल आहे. ह्यांतल्या बहुतेक मुलांचे बालपण इतके भयाण आहे की, वाचक नकळत तराजू हाती घेतो: एका पारड्यात गुन्हा, दुसऱ्यात यातना. पारडी समतोल झाली की तो क्षमा करतो. मग ज्याचे बालपण बरे गेले, ज्याला आईबापांनी मारले नाही, अशा मुलाने भयंकर कृत्य केले तर? त्या मुलासाठी हे पुस्तक पुरेसा युक्तिवाद करीत नाही. लेखक वकील आहे. आपल्या पक्षकाराची दुःखे पुढे मांडणे त्याच्या अंगवळणी पडले आहे. चेस्टरच्या आगीत गुदमरलेले ते दोन मुलगे तर पुस्तकात जवळजवळ संख्येपुरतेच उरतात. त्यांच्या आईने हे पान वाचले तर तिला काय वाटेल, हा विचार आमचा पिच्छा सोडीत नव्हता.

ह्या आक्षेपाचे उत्तर स्टीव्हन्सन युक्तिवादाने देत नाहीत. दोन स्त्रिया देतात. पहिली, इयनने जिला गोळी घातली ती. नाताळच्या सुमारास तुरुंगातून त्याने तिला फोन करून क्षमा मागितली. पुढे पत्रव्यवहार झाला, आणि ह्या मुलाची शिक्षा कमी करा म्हणून ती स्वतः न्यायालयाला विनवू लागली. न्यायालयाने त्या वेळी ऐकले नाही. इयन २०१६ साली सुटला आणि त्याने २०२१ मध्ये स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले. दुसरी स्त्री न्यू ऑर्लीन्सच्या न्यायालयात पायऱ्यांवर बसलेली एक वृद्धा. तिच्या सोळा वर्षांच्या नातवाचा खून झाला होता. खून करणारेही पोरगेच. त्यांना जन्मठेप झाली तेव्हा आपल्याला बरे वाटेल असे तिला वाटले होते, ते वाटले नाही. ती न्यायालयात रडत असता एक अनोळखी स्त्री तिच्याजवळ येऊन बसली. तेव्हापासून ही वृद्धाही न्यायालयात येऊन बसते. मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक असोत की शिक्षा झालेल्यांचे, रडणाऱ्याला खांदा देते. योहानकृत शुभवर्तमानातल्या त्या स्त्रीवर उगारलेले दगड आठवा. लोक फेकतात ते दगड मध्येच झेलणारी माणसे हवीत, असा त्या दोघांच्या संभाषणाचा रोख आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी हे उपदेशासारखे वाटले असते. तिच्या तोंडी वाटत नाही, कारण तिचा नातू परत आलेला नाही.

कायद्याचा इतिहास लेखक ओघात सांगतो, आम्हीही थोडक्यात सांगतो. १९४४ साली साउथ कॅरोलायना राज्यात जॉर्ज स्टिनी ह्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला दोन गोऱ्या मुलींच्या खुनासाठी विजेच्या खुर्चीत मारण्यात आले. ज्यूरीने निर्णयाला सुमारे दहा मिनिटे घेतली, आणि अटकेपासून मृत्यूपर्यंत तीन महिनेही लागले नाहीत. स्टीव्हन्सन ह्यांचे पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी, २०१४ च्या डिसेंबरात, न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरविली; सत्तर वर्षांनी. १९९० नंतर पुन्हा भीतीची लाट आली. दयामाया नसलेल्या हिंस्र पोरांची एक पिढीच येते आहे, असे भाकीत जॉन डिलुलिओ ह्या प्राध्यापकाने १९९५ मध्ये केले आणि राज्याराज्यांतून कायदे कडक झाले. ती पिढी आली नाही. मुलांच्या हातून होणारे गुन्हे उलट घटले. भाकीत चुकल्याचे त्या प्राध्यापकाने पुढे मान्य केले, पण तोवर कायदे होऊन गेले होते. अठरा वर्षांखालच्यांना मृत्युदंड नको, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरविले. खून नसलेल्या गुन्ह्यात मुलाला सुटकेविना जन्मठेप नको, हे २०१० मध्ये. खुनाच्या गुन्ह्यातही ती सक्तीची नको, हे २०१२ मध्ये, आणि हा खटला स्टीव्हन्सन ह्यांनीच लढविला. २०१६ च्या निर्णयाने जुन्या कैद्यांनाही तो लाभ मिळाला आणि त्यानंतर शेकडो माणसे बाहेर आली, त्यांतली कित्येक केस पांढरे झालेली. २०२१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने हात आखडला: मूल सुधारण्यापलीकडे गेले आहे असा वेगळा निष्कर्ष न नोंदविताही न्यायाधीश ही शिक्षा देऊ शकतो, असे ठरले. मुलांना अशी शिक्षा देऊ नये असे स्पष्ट सांगणारा १९८९ चा बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार अमेरिकेने अद्याप स्वीकारलेला नाही.

येथपर्यंत वाचून अमेरिकेविषयी मत बनविणे सोपे आहे, आणि आमच्या सभागृहातल्या चर्चेचा सूरही तोच होता. आपला कायदा ह्या बाबतीत खरोखर अधिक दयाळू आहे. भारताने तो करार १९९२ साली मान्य केला. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला आपले पोलिससुद्धा कागदोपत्री 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जिभेला अवघड, पण त्यात 'बालक' शेवटपर्यंत टिकून आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर, आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी पडला म्हणून तीन वर्षांत सुटणार, ह्यावर देश खवळला. त्यातून २०१५ चा कायदा आला आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर घोर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी झाली. तरी त्याच कायद्याने मुलाला फाशी नको आणि सुटकेची आशा नसलेली जन्मठेपही नको, हेही लिहून ठेवले. त्या दिवसांत आमच्या घरांतून, मिस्सेनंतरच्या अंगणातल्या गप्पांतून, काय बोलले जात होते ते मात्र आम्हांला आठवते. 'फाशीच द्यायला हवी' हे वाक्य आम्हीही उच्चारले आहे.

पुण्याची एक गोष्ट ह्या पुस्तकात नाही, पण पुस्तक मिटल्यावर आम्हांला तीच आठवली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका घरात सात जणांची हत्या झाली. मेलेल्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. त्या वेळी महाराष्ट्रात ज्यांना कळते वय होते त्यांना तो हादरा आठवत असेल. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला १९९८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही. गुन्ह्याच्या वेळी आपण बालक होतो, असा अर्ज त्याने २०१८ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. खटल्याच्या कागदांवर त्याचे नावसुद्धा निराळे लागले होते. अखेर २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. त्या वयाच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि त्यातला मोठा काळ फाशीच्या छायेत. त्याला तत्काळ सोडण्याचा आदेश झाला.

ह्या कथेवर चित्रपट निघाला तर आमच्या सभागृहात पदर डोळ्यांना लागतील का, हे आम्हांला सांगता येत नाही. कारण हा मॅकमिलियन नाही. तो निर्दोष आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. त्याचे वय काय होते, एवढेच म्हटले आहे. ज्यांची माणसे त्या घरात मारली गेली त्यांना हा निकाल कसा गिळावा लागला असेल, ह्याचा विचार केला की आमची लेखणी अडखळते. चेस्टरच्या त्या आईविषयी स्टीव्हन्सन ह्यांना आम्ही जो आक्षेप घेतला, तो येथे आमच्यावरच उलटतो.

मुलाचे वय सिद्ध झाले ते त्याच्या गावच्या शाळेतल्या नोंदीवरून. ती नोंद १९९८ साली शिक्षा सुनावली गेली तेव्हाही होती. शाळेत जाऊन ती कुणी पाहिली नव्हती. पुढच्या प्रायश्चित्तकाळात चित्रपटाऐवजी ह्या पुस्तकाचे सहावे प्रकरण मराठीत उतरवून मोठ्याने वाचावे, असे आम्ही आमच्या फादरांना सुचविले आहे. चहा उशिरा आणावा, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आधी बोलू द्यावे, अशीही विनंती केली आहे.